अमेरिकन राज्यघटनेचं मूळ : लॉकची पुस्तकं, की कंपनीची सनद?



संशोधनाचा प्रश्न सापडतो कसा, असं तुमच्यापैकी अनेकांनी विचारलंय. त्याची ठरलेली कृती माझ्याकडे नाही. पण गेल्या वर्षी मला एक प्रश्न कसा सापडला आणि त्याचा माग काढत मी मुंबईवरून थेट अमेरिकेच्या राज्यघटनेपर्यंत कशी पोचले, ते सांगू शकते. विषय इतिहासाचा आहे, पण विज्ञानवाल्यांनी लगेच पळू नका. मीही तुमच्यातलीच आहे, एम.एस्सी. रसायनशास्त्र.

माझं पीएच.डी.चं काम कंपनीच्या काळातल्या मुंबईच्या वजनमापांवर आहे. त्यासाठी १६६८ची सनद वाचत होते. मुंबई बेट लग्नाच्या तहात पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाला मिळालं, हे आपण शाळेत शिकतो. दुसऱ्या चार्ल्सला ते सांभाळणं परवडेना, म्हणून त्याने २७ मार्च १६६८ रोजी वर्षाला १० पौंड खंडाने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. इथपर्यंत ठीक. पण सनदेत पुढे लिहिलंय की कंपनीने हे बेट केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रिनिच या गावची जमीन धरावी तसं धरायचं आहे.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. माझगाव, परळ, माहीम, आणि हे सगळं कागदोपत्री इंग्लंडमधल्या एका गावच्या जमिनीसारखं?

शोधल्यावर कळलं की हे शब्द मुंबईसाठी घडवलेले नव्हतेच. १६०६ची व्हर्जिनियाची सनद उघडली, त्यात ईस्ट ग्रिनिच. १६२९ची मॅसॅच्युसेट्स बे कंपनीची सनद उघडली, त्यातही ईस्ट ग्रिनिच. ही वकिलांची युक्ती होती. राजाकडून थेट जमीन मिळाली की तिच्यासोबत जुनी सरंजामी ओझी यायची : लढाईला माणसं द्या, वारस अज्ञान असेल तर त्याचं पालकत्व राजाकडे, वगैरे. ईस्ट ग्रिनिच हे राजाच्या खासगी मालकीचं गाव, आणि तिथल्या जमिनी ठरावीक खंडावर, बाकी कटकटींशिवाय मिळायच्या. मग समुद्रापलीकडची कुठलीही जमीन द्यायची असली की 'ईस्ट ग्रिनिचप्रमाणे' असं लिहायचं. आपल्याकडे दस्तलेखक जुन्या दस्तावरून नवा दस्त उतरवतात, तसंच.

माणसंही तीच होती. सर टॉमस स्माइथ हा १६०० साली ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. हाच गृहस्थ १६१९पर्यंत व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार, म्हणजे खरं तर प्रमुख. लंडनच्या त्याच व्यापारी वर्तुळात मिरीचा हिशोब व्हायचा आणि तंबाखूचाही.

आता प्रश्न बघा. साच्यातून काढल्यासारख्या तीन सनदा. त्यांपैकी दोन ठिकाणी थोड्याच वर्षांत निवडून आलेल्या सभा उभ्या राहिल्या आणि दीडशे वर्षांनी त्यातून लिखित राज्यघटना आल्या. तिसऱ्या ठिकाणी, आपल्याकडे, तसं काहीच झालं नाही. प्रयोगशाळेच्या भाषेत बोलायचं तर अभिकर्मक तेच, बाटलीवरची चिठ्ठी तीच, पण अभिक्रिया वेगळी. मग फरक कशात होता?

या प्रश्नाच्या वाटेत आधी एक तयार उत्तर आडवं येतं. अमेरिकन राज्यव्यवस्थेचं मूळ काय, असं विचारलं की स्पर्धा परीक्षेची गाईडं सांगतात : जॉन लॉककडून नैसर्गिक हक्क, मॉन्टेस्क्यूकडून सत्ताविभाजन. १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८७ची राज्यघटना, संपलं. कोर्सवर्कच्या निबंधात मीही हेच लिहिलं होतं. माझ्या मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलने एकच शब्द लिहिला : 'पुरावा?'

पुरावा म्हणून काय चालेल? डोनाल्ड लुट्झ या राज्यशास्त्रज्ञाने १९८४मध्ये एक सरळसोट काम प्रसिद्ध केलं. १७६० ते १८०५ या काळातले अमेरिकन राजकीय मजकूर, म्हणजे पुस्तकं, पत्रकं, लेख असे ९००हून अधिक, घेतले आणि त्यात कोणाचा उल्लेख किती वेळा येतो ते मोजलं. निकाल : बायबल ३४ टक्के, मॉन्टेस्क्यू ८.३, कायदेपंडित ब्लॅकस्टोन ७.९, आणि लॉक जेमतेम २.९. शिवाय लॉकचे उल्लेख स्वातंत्र्यलढ्याच्या सुमारास जास्त. प्रत्यक्ष राज्यघटनेच्या चर्चेत ते घटतात आणि मॉन्टेस्क्यू पुढे येतो.

लगेच 'बघा, अमेरिकेचं मूळ बायबलमध्ये' असं म्हणायला धावू नका. त्या बायबल-उल्लेखांतले जवळपास तीन चतुर्थांश छापील प्रवचनांमधले आहेत, हे लुट्झनेच सांगून ठेवलंय. प्रवचनात बायबलचा उल्लेख येणारच. सॅम्पलमध्ये काय भरलं आहे ते न बघता टक्केवारी उचलली की असं होतं. आणि उल्लेख म्हणजे प्रभाव, हेही गृहीतकच. लोक ज्या सवयीत वाढतात तिचा उल्लेख कोणी करत नाही.

लॉकबद्दल एक गंमत राहू द्या इथे. तो कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा चिटणीस होता आणि १६६९मध्ये त्या वसाहतीसाठी जी 'मूलभूत घटना' तयार झाली तिच्यात त्याचा हात होता. लँडग्रेव्ह, कासिक अशा नव्या उमरावांच्या पदव्या, जमिनीच्या उतरंडी, सगळं बैठक मारून आखलेलं. त्यातच प्रत्येक स्वतंत्र माणसाला आपल्या निग्रो गुलामावर पूर्ण सत्ता देणारं कलमही होतं. ही घटना वसाहतीत कधीच नीट लागू झाली नाही. म्हणजे ज्या एका घटनेला या तत्त्वज्ञाचा हात लागला, ती बारगळली. चालल्या त्या व्यापाऱ्यांच्या सनदा.

त्या चालल्या कशा, ते पाहू. व्हर्जिनियाच्या जेम्सटाउनमध्ये १६०७ साली लोक उतरले. पहिली काही वर्षं उपासमार, रोगराई, लष्करी शिस्त. लोक येईनात आणि आलेले टिकेनात. कंपनीचा पैसा बुडू लागला. तेव्हा १६१८मध्ये कंपनीने धोरण बदललं : येणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन, आणि वस्त्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींची सभा. ३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये ११ वस्त्यांचे २२ प्रतिनिधी जमले. उकाडा इतका की सभा ४ ऑगस्टला आटोपती घ्यावी लागली, आणि तेवढ्यात एक प्रतिनिधी वारलाही. कामकाज काय? तंबाखूचा भाव : उत्तम प्रत पौंडाला ३ शिलिंग, दुय्यम प्रत १८ पेन्स. नैसर्गिक हक्क वगैरे कोणी बोललं नाही. भागधारकांना खूश ठेवण्याची ही कंपनीची सोय होती. पण १६२४मध्ये राजाने कंपनीच मोडली, तेव्हा सभा मोडली नाही. राजाची रीतसर मान्यता नसतानाही ती भरत राहिली. माझ्या मते ही गोष्ट १६१९पेक्षाही मोठी आहे.

मॅसॅच्युसेट्सची कथा आणखी बारकाईने बघण्यासारखी आहे, कारण तिथे एका कंपनीचं सरकार होताना दिसतं, अगदी पदांच्या नावांसकट. १६२९च्या सनदेने भागधारकांची एक कंपनी केली. भागधारकांना 'फ्रीमन' म्हणायचं. त्यांनी एक गव्हर्नर, एक उपगव्हर्नर आणि १८ सहायक निवडायचे. वर्षातून चारदा सर्व फ्रीमनांची सभा, तिचं नाव 'जनरल कोर्ट'. आजच्या कंपन्यांमध्ये चेअरमन, संचालक मंडळ आणि वार्षिक सर्वसाधारण सभा असते तसंच हे. अशा सनदांमध्ये कंपनीची बैठक लंडनमध्ये व्हावी असं सहसा धरलेलं असे. या सनदेत जागेचा उल्लेखच नव्हता.

त्या फटीतून प्युरिटन भागधारक बाहेर पडले. ऑगस्ट १६२९मध्ये केंब्रिजला १२ जणांनी ठरवलं की सनद आणि कारभार दोन्ही आपल्यासोबत नेता येणार असतील तरच आपण जाऊ. १६३०मध्ये जॉन विन्थ्रॉप गव्हर्नर म्हणून निघाला, आणि राजाने दिलेली सनद समुद्रापार गेली. आता कंपनीची सर्वसाधारण सभा बोस्टनला भरणार होती. कंपनी म्हणजेच वसाहत.

पण तिथे पोचलेले खरे भागधारक मूठभर होते. मग १६३१मध्ये शंभराहून जास्त नव्या लोकांना 'फ्रीमन' करून घेतलं आणि त्याच वेळी अट घातली की यापुढे चर्चचा सदस्य असेल तोच फ्रीमन होईल. शब्दाचा अर्थ इथे सरकला. काल फ्रीमन म्हणजे पैसे गुंतवणारा. आज फ्रीमन म्हणजे मतदार.

पुढच्याच वर्षी तटबंदीसाठी कर बसला. वॉटरटाउनच्या लोकांनी तो द्यायला नकार दिला : आम्हाला न विचारता बसवलेला कर भरला तर आम्ही आणि आमची मुलं गुलामीत जाऊ. हे साल १६३२ आहे, बोस्टन टी पार्टीच्या १४१ वर्षं आधीचं. विन्थ्रॉपने आपल्या रोजनिशीत नोंदवलंय की या लोकांची समजूत चुकली. त्यांना वाटलं हे सरकार म्हणजे एखाद्या शहराचा महापौर आणि नगरसेवक, पण हे तर पार्लमेंटसारखं आहे. म्हणजे गव्हर्नर स्वतःच्या तोंडाने सांगतो की आम्ही कंपनी नाही, पार्लमेंट आहोत! मग लोक म्हणणारच की पार्लमेंट असेल तर आमचे प्रतिनिधी कुठे आहेत?

१६३४मध्ये गावांचे प्रतिनिधी विन्थ्रॉपकडे गेले आणि म्हणाले, सनद दाखवा. दाखवली. वाचल्यावर त्यांना दिसलं की कायदे करायचा अधिकार गव्हर्नर आणि सहायकांना नाही, तो सगळ्या फ्रीमनांच्या जनरल कोर्टाला आहे. इतकी वर्षं वरचे लोक परस्पर कायदे करत होते. त्या वर्षी प्रतिनिधी रीतसर सभेत बसले, आणि विन्थ्रॉप निवडणूक हरला.

हा प्रसंग मी वारंवार वाचते. सरकारपेक्षा कागद मोठा, कागद मागून बघता येतो, आणि कागदात नसलेला अधिकार सरकारला नाही : लिखित राज्यघटनेची सगळी कल्पना इथे कामाला लागलेली आहे, आणि लॉकचा त्या वेळी नुकताच दुसरा वाढदिवस व्हायचा होता.

तुम्ही म्हणाल, मेफ्लॉवर करार राहिलाच. १६२०चा तो करार शाळेच्या पुस्तकांत अमेरिकन लोकशाहीचा पाया म्हणून येतो. प्रसंग साधा होता. जहाज परवानगी असलेल्या हद्दीच्या बाहेर किनाऱ्याला लागलं, काही प्रवासी कुरकुरू लागले की आता आमच्यावर कोणाचीच सत्ता नाही, आणि मग ४१ पुरुषांनी एकत्र राहण्याच्या कागदावर सह्या केल्या. मजकुराची सुरुवात राजाच्या निष्ठावंत प्रजेने होते. आता संशोधकाच्या नजरेने : मूळ कागद हरवलेला आहे. मजकूर कळतो तो १६२२च्या छापील वृत्तांतावरून आणि विल्यम ब्रॅडफर्डच्या हस्तलिखितावरून. सह्यांची यादी पहिल्यांदा छापली गेली १६६९मध्ये. खुद्द ब्रॅडफर्डचं हस्तलिखितही गहाळ होऊन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनला बिशपच्या ग्रंथालयात सापडलं आणि १८९७मध्ये मॅसॅच्युसेट्सला परतलं. करार खोटा होता असं मी म्हणत नाही. पण त्याला मिळालेला मोठेपणा बराचसा नंतरचा आहे. सनदांचा मोठेपणा त्या त्या काळातल्या भांडणांतून दिसतो.

कनेक्टिकटला १६६२ची आणि ऱ्होड आयलंडला १६६३ची सनद मिळाली. दुसरीत तर धर्मस्वातंत्र्यही लिहून दिलेलं होतं. १६८०च्या दशकात लंडनने या सनदा काढून घ्यायला सुरुवात केली. १६८४मध्ये मॅसॅच्युसेट्सची रद्द झाली आणि एडमंड अँड्रॉस नावाचा गव्हर्नर आला, ज्याने सभेशिवाय कर बसवले. कनेक्टिकटची सनद ताब्यात घ्यायला तो १६८७मध्ये हार्टफर्डला गेला तेव्हा मेणबत्त्या विझल्या, अंधारात सनद पळवली गेली आणि एका ओकच्या ढोलीत लपवली गेली, अशी कथा आहे. कथा म्हणूनच घ्या. पण ते झाड १८५६मध्ये वादळात पडेपर्यंत लोक त्याला 'सनदेचा ओक' म्हणत होते, यावरून कागदाची किंमत कळते. १६८९मध्ये बोस्टनकरांनी अँड्रॉसला पकडून कैद केलं.

आता सगळ्यात भक्कम पुरावा. १७७६मध्ये वसाहती स्वतंत्र झाल्या तेव्हा बहुतेकांनी नव्या घटना लिहिल्या. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडने लिहिल्याच नाहीत. राजाची सत्ता वगळली आणि जुनी सनदच घटना म्हणून चालू ठेवली; कनेक्टिकटने १८१८पर्यंत, ऱ्होड आयलंडने १८४३पर्यंत. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी बसवली आणि यंत्र तसंच चाललं, तर दोन्ही एकाच जातीच्या आहेत असं आपण म्हणतोच ना?

दुसरा धागा जरा तांत्रिक आहे, पण मला फार आवडतो. कंपन्यांच्या सनदेत एक नेहमीची अट असायची : तुम्ही नियम करा, पण ते इंग्लंडच्या कायद्याविरुद्ध जाता कामा नयेत. त्या अटीमुळे वसाहतींचे कायदे लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे तपासायला जायचे, आणि त्यांतले साधारण पाच टक्के फेटाळले जायचे. १७२८मध्ये 'विन्थ्रॉप विरुद्ध लेचमिअर' या खटल्यात कनेक्टिकटचा वारसाहक्काचा कायदाच रद्द ठरला. म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदाही वरच्या कायद्याशी विसंगत असेल तर पडतो, ही गोष्ट वसाहतीतल्या वकिलांच्या अंगवळणी पडलेली होती. १८०३च्या 'मार्बरी विरुद्ध मॅडिसन'मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच केलं, फक्त वरचा कायदा आता राज्यघटना होती. मेरी साराह बिल्डर या कायद्याच्या इतिहासकार बाईंनी न्यायालयीन पुनर्विलोकनाचं हे कंपनी-मूळ २००६च्या एका लेखात मांडलंय. जरूर वाचा.

१६०६च्या व्हर्जिनिया सनदेत आणखी एक कलम होतं : तिथे राहणाऱ्या इंग्रजांना आणि तिथे जन्मणाऱ्या त्यांच्या मुलांना इंग्लंडमध्ये जन्मल्यासारखेच सगळे हक्क. लोक यावेत म्हणून दाखवलेलं आमिष. १७६५मध्ये मुद्रांक कर बसला तेव्हा व्हर्जिनियाच्या सभेने निषेधाचे ठराव केले, आणि त्यात पहिल्या जेम्स राजाच्या सनदांचा स्पष्ट हवाला दिला. १५९ वर्षांपूर्वीचं आमिष आता पुरावा म्हणून पुढे आलं. १७७६च्या जाहीरनाम्यातलं सुरुवातीचं तत्त्वज्ञान सगळ्यांना पाठ असतं. खालची तक्रारींची लांबलचक यादी कोणी वाचत नाही. ती वाचा. सनदा काढून घेतल्या, सभा पुन्हा पुन्हा बरखास्त केल्या, संमतीशिवाय कर बसवले. तो जुना, कंपनीच्या दिवसांपासूनचा हिशोब आहे.

इथे थांबलं असतं तर पोस्ट छान गोड झाली असती. पण त्याच कागदांमध्ये दुसरी गोष्टही आहे आणि ती वेगळी काढून ठेवता येत नाही.

जेम्सटाउनची पहिली सभा संपली ४ ऑगस्ट १६१९ला. त्याच महिन्याच्या अखेरीस 'व्हाइट लायन' हे जहाज जवळच पॉइंट कम्फर्टला लागलं आणि त्यातून वीसच्या वर आफ्रिकन माणसं विकली गेली. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१च्या हक्कांच्या संहितेत गुलामगिरीला मनाई करणारं कलम आहे, आणि लगोलग त्याला अपवादही : न्याय्य युद्धातले कैदी, आणि स्वतःला विकणारे किंवा विकले गेलेले परके. अपवादच इतका मोठा की कलमात काही उरत नाही. १६६२मध्ये व्हर्जिनियाच्या सभेने कायदा केला की मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईवरून ठरेल. इंग्लंडच्या रिवाजात मुलाचा दर्जा बापावरून ठरायचा. हा कायदा कुठल्या राजाने लादलेला नव्हता. स्वशासन शिकलेल्या, निवडून आलेल्या सभेने केलेला होता. आणि ज्या जमिनीचे ५०-५० एकर वाटले जात होते ती मुळात पाऊहाटन आणि इतर लोकांची होती. त्यांना या सभांमध्ये जागा असण्याचा प्रश्नच आला नाही.

जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष राजावर टाकणारा एक उतारा होता. काँग्रेसने तो गाळला. १७८७मध्ये फिलाडेल्फियाला ५५ प्रतिनिधी आले, ३९ जणांनी सह्या केल्या, आणि त्या राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्द एकदाही न वापरता गुलामांची तीन पंचमांश अशी गणती केली गेली. मी आधी हे 'तत्त्व चांगलं, अंमल वाईट' असं समजत होते. आता तसं वाटत नाही. आपल्यात कोण येतो आणि कोण येत नाही, हे ठरवण्याचा अधिकार हा त्या सभांच्या स्वशासनाचाच एक भाग होता. फ्रीमन कोणाला करायचं, ही कंपनीची पहिलीच बाब असते.

तरी कागद कोणाच्या हाती पडेल हे लिहिणाऱ्याला ठरवता येत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या शेफिल्ड गावात जॉन ॲशली नावाचा प्रतिष्ठित माणूस होता. माणसं निसर्गतः समान आणि स्वतंत्र आहेत असे ठराव १७७३मध्ये त्या गावाने केले, आणि ते करणाऱ्या समितीचा अध्यक्ष हा ॲशली. त्याच्या घरात बेट नावाची गुलाम स्त्री काम करत होती. १७८०मध्ये राज्याची नवी घटना आली, गावागावांत वाचून मंजूर झालेली, आणि तिच्या पहिल्याच कलमात सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचं लिहिलेलं होतं. बेटने वकील गाठला आणि १७८१मध्ये ॲशलीविरुद्ध दावा लावला. ज्युरीने तिला मुक्त केलं आणि ३० शिलिंग भरपाई दिली. तिने नवं नाव घेतलं : एलिझाबेथ फ्रीमन. हे आडनाव घेताना तिच्या मनात १६२९ची सनद होती असं सुचवायचा मोह मला झाला होता, पण त्याला काहीही आधार नाही, म्हणून तो मोह इथेच सोडते.

आता परत आपल्या तिसऱ्या बाटलीकडे, मुंबईकडे. १६६८च्या सनदेत ईस्ट ग्रिनिच आहे, कायदे इंग्लंडच्या कायद्याविरुद्ध नसावेत ही अट आहे, आणि बेटावर राहणाऱ्या राजाच्या प्रजेला आणि तिच्या मुलांना इंग्लंडमध्ये जन्मल्यासारखे हक्क देणारं कलमही आहे. व्हर्जिनियाला पहिली सभा मिळायला १२ वर्षं लागली. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट विधिपरिषदेत बसले ते १८६१च्या कायद्यानंतर, आणि तेही नेमणुकीने. म्हणजे सनदेनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी.

माझं पहिलं गृहीतक होतं : सनद कुठे ठेवली होती यावर सगळं ठरलं. मॅसॅच्युसेट्सची बोस्टनला गेली. मुंबईची लंडनमध्ये राहिली, कंपनीची सर्वसाधारण सभा तिथेच भरत राहिली. छान वाटतं ना? पण व्हर्जिनियाची कंपनीही लंडनमध्येच होती आणि तरी तिथे सभा आली. गृहीतक पडलं. दुसरं गृहीतक : कंपनीला लोकांची गरज असेल तर ती त्यांना वाटा देते. हे व्हर्जिनियाला लागू पडतं. पण मुंबईतही कंपनीला लोक हवेच होते. व्यापारी, विणकर यावेत म्हणून तिने सवलती दिल्या. १६७४मध्ये तर गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियरने जमिनीच्या तंट्यावर रहिवाशांशी बोलणी करून वर्षाला २०,००० झेराफिनचा ठराव केला. म्हणजे वाटाघाटी झाल्या, कर ठरला, आणि सभा मात्र झाली नाही.

सध्या मी ज्या उत्तरापाशी आहे ते असं : सनदेतले हक्क मागायला तिथे असे लोक लागतात, ज्यांना कंपनी भागधारकांच्या जातीचे मानते. वॉटरटाउनचे शेतकरी विन्थ्रॉपला सनद दाखवा म्हणू शकले, कारण ते त्याच्याच चर्चमधले, त्याच्याच भाषेतले होते. मुंबईतले इंग्रज बहुतेक कंपनीचे पगारी नोकर, आणि बाकीची वस्ती कंपनीच्या नजरेत वाटाघाटी करण्याजोगी, पण फ्रीमन करण्याजोगी नाही. अमेरिकेत जी सीमा आफ्रिकन आणि मूळ रहिवाशांभोवती आखली गेली तीच इथे जवळपास सगळ्या बेटाभोवती होती. या उत्तरातही एक भोक आहे : बार्बाडोस. तिथेही गोऱ्या मळेवाल्यांची सभा होती, पण तिथून राज्यघटना आली नाही. त्यावर सध्या वाचतेय.

तुम्हाला करून बघायचं असेल तर व्हर्जिनिया १६०६ आणि मॅसॅच्युसेट्स १६२९ या दोन्ही सनदा येल विद्यापीठाच्या ॲव्हलॉन प्रकल्पाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मुंबईच्या सनदेसाठी कंपनीच्या सनदांचे जुने छापील संग्रह बघावे लागतील, मोठ्या ग्रंथालयांत असतात. तिन्हींचे प्रिंट काढा, शेजारी ठेवा, आणि सारख्या वाक्यांखाली एका रंगाने, वेगळ्यांखाली दुसऱ्या रंगाने रेघा मारा. इंग्रजी जुनी आहे, स्पेलिंगं विचित्र आहेत, पहिला दिवस वैतागात जाईल. 'कोणाला' हा शब्द कुठे कुठे बदलतो तिकडे विशेष लक्ष ठेवा, आणि बार्बाडोसबद्दल काही चांगलं वाचलं असेल तर मला कळवा.